अडलेली वाट आणि वाट पाहणारे

पुण्याच्या दक्षिण अंगाला, साताऱ्याकडून येणारा रस्ता जेथे शहरात शिरतो, त्या नाक्याला स्वारगेट हे नाव घोडेस्वारांच्या चौकीवरून पडले असे सांगतात. आज तेथे ना स्वार आहेत ना चौकी. आहे ते एस.टी.चे गजबजलेले स्थानक, आणि सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर, पंढरपूर, सोलापूर अशा गावांहून पहाटेपासून येऊन रिकाम्या होणाऱ्या गाड्यांची रांग. या गाड्यांतून उतरणाऱ्या गर्दीत एक प्रकारचा उतारू मला दुरूनही ओळखू येतो. त्याच्या काखेत क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट असते, बरोबर आलेल्या मुलाच्या किंवा भाच्याच्या हातातल्या पिशवीत गुलाबी चौकटींच्या कागदावर काढलेला कार्डिओग्रॅम जपून ठेवलेला असतो, आणि रिक्षावाल्याशी बोलताना दोघांच्याही तोंडी एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो: तारीख. हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख मुक्रर झाली आहे किंवा व्हायची आहे, आणि तोवर थांबायचे आहे.

या थांबण्याला एक इतिहास आहे. झडप निकामी झालेला किंवा जन्मतःच हृदयात छिद्र असलेला रुग्ण शस्त्रक्रियेची वाट पाहत असताना त्याच्या हृदयाच्या आतली वाटच अडली, म्हणजे ठोक्याचा संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोहोचेनासा झाला, तर पाऊणशे वर्षांपूर्वी वैद्याला हात चोळीत बसण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. आज तशा रुग्णाला दिवसच्या दिवस, प्रसंगी आठवडेही, सुखरूप थांबविता येते. हा बदल कसा घडला, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो स्वारगेटपासून साताऱ्यापर्यंत सर्वत्र पसरलेला आहे. ‘हार्टमध्ये ब्लॉक निघाला’ असे आपल्याकडे जेव्हा म्हणतात, तेव्हा बहुधा अभिप्रेत असते ती हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीतली अडचण. तो बिघाड नळाचा. डॉक्टर ज्याला ‘हार्ट ब्लॉक’ म्हणतात तो बिघाड तारेचा आहे. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूला पेशींचे एक लहानसे केंद्र असते. ते मिनिटाला साठ ते शंभर वेळा विद्युत्-संदेश उत्पन्न करते. हा संदेश दोन्ही कर्णिकांना आकुंचित करीत खाली येतो आणि कर्णिका व जवनिका यांच्या सरहद्दीवरील दुसऱ्या केंद्रात क्षणभर, सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका, अडविला जातो, जेणेकरून वरचे कप्पे रिकामे होऊन खालचे भरावेत. तेथून पुढे एकाच अरुंद जुडग्यातून तो जवनिकांकडे जातो, आणि जुडग्याच्या डाव्या-उजव्या शाखांनी सर्वत्र फाकतो. सरहद्दीवर ये-जा करण्यास हा एकच रस्ता. बाकी सारी भिंत तंतुमय आणि संदेशाला पारखी. साहजिकच हा रस्ता बंद पडला की खालचा मुलूख तुटतो. जवनिका स्वतःच्या बुद्धीने मिनिटाला तीस-चाळीस ठोके कसेबसे देत राहतात, आणि तेही कधी चुकले तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

असे कोसळणे वैद्यांच्या परिचयाचे फार जुने आहे. थांबून थांबून चालणारी नाडी ही प्राणघातक, असे आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेने सांगून ठेवले आहे. युरोपात डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८२७ मध्ये आणि त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सने १८४६ मध्ये मंद नाडी व मूर्च्छा यांचा संबंध हृदयाशी जोडला. पण हृदयात नेमके कोठे काय तुटते, हे कळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस याने ते जुडगे दाखविले. १९०६ मध्ये सुनाओ तावारा या जपानी तरुणाने जर्मनीतल्या मारबुर्ग येथे राहून सरहद्दीवरचे केंद्र शोधले. आणि १९०७ मध्ये आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या दोघा ब्रिटिशांनी ठोक्याच्या मूळ उगमाचा शोध जाहीर केला. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता, आणि उगमाची ती जागा त्याला प्रथम दिसली ती चिचुंद्रीसारख्या जमिनीखाली राहणाऱ्या एका क्षुद्र जीवाच्या हृदयात. याच सुमारास लायडनच्या आइंटहोव्हेनने हृदयाची वीज कागदावर उतरविणारे यंत्र सिद्ध केल्यामुळे, वाट कोठे अडली हे छाती न उघडता वाचता येऊ लागले. निदान असे परिपूर्ण झाले. उपचार मात्र तेथेच राहिला.

उपचाराची निकड भासू लागली ती शल्यवैद्य हृदयापर्यंत पोहोचल्यावर, आणि या कथेचा मर्मभाग मला येथेच दिसतो. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५२ च्या सुमारास, सांधेज्वराने चिकटलेली द्विदल झडप धडधडत्या हृदयात बोट घालून मोकळी करण्यास प्रारंभ केला. सांधेज्वर हा आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांचा रोग; लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, घरचे ते विसरून जातात, आणि दहा-पंधरा वर्षांनी ऐन उमेदीत, कित्येकदा बाळंतपणात, त्या मुलीला जिना चढवत नाही. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेपर्यंत सांभाळण्याचे मुख्य साधन म्हणजे डिजिटॅलिस. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये ग्रंथबद्ध केलेली ही वनस्पती सरहद्दीवरच्या केंद्राचा वेग आवरते आणि भरधाव, अनियमित हृदयाला लगाम घालते. परंतु तिची मात्रा किंचित चढली की तीच लगाम इतकी आवळते की संदेश पार अडतो. औषध आणि विष यांतली तफावत इतकी बारीक असल्यामुळे, वाट पाहणाऱ्या रुग्णाची नाडी रोज मोजणे आणि ती साठाच्या खाली गेली की डोस रोखून धरणे, ही कित्येक वर्षे वॉर्डातल्या परिचारिकेची फार मोठी जबाबदारी होती. यंत्रांच्या इतिहासात तिचे नाव कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतो.

बोटाने केलेल्या शस्त्रक्रियेत ते विद्युत्-जुडगे सहसा दुखावत नसे. हृदय उघडून आत टाके घालण्याची वेळ आली तेव्हा प्रसंग पालटला. अमेरिकेतल्या मिनियापोलिस येथे वॉल्टन लिलेहाय यांनी २६ मार्च १९५४ रोजी, आई किंवा बाप यांच्या रक्ताभिसरणाशी बालकाचे रक्ताभिसरण जोडून, बालकाच्या हृदयातले छिद्र बंद करण्याचे धाडसी सत्र आरंभिले. दोन जवनिकांमधल्या पडद्यातले हे छिद्र आणि हिसचे जुडगे यांचा शेजार असा की जुडगे छिद्राच्या काठाकाठानेच जाते, आणि उघड्या डोळ्यांना ते दिसत नाही. काठावर घातलेला टाका कधी त्यातून जाई, कधी त्याला नुसता दाबून ठेवी. छिद्र उत्तम बुजावे, रंग परत यावा, आणि तरीही मुलाची नाडी तिसावर उतरून दोन-तीन दिवसांत ते हातचे जावे, असे सुमारे दहांतल्या एका मुलाच्या बाबतीत घडू लागले. आणि ज्यांना पूर्ण रोध झाला त्यांतले आरंभीच्या काळात जवळजवळ कोणीच वाचले नाही. बॉस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवरून विजेचे धक्के देऊन ठोका चालू ठेवण्याची युक्ती काढली होती खरी. पण ते धक्के इतके तीव्र की मोठ्या माणसालाही असह्य व्हावेत आणि कातडी भाजावी. शस्त्रक्रियेतून नुकत्याच उठलेल्या लेकराला ते दिवसेंदिवस देणे अशक्यच होते.

मिनियापोलिसला या मृत्यूंची चिकित्सा करण्यासाठी भरलेल्या एका सभेत शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापकाने सहज सुचविले की, बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करताना आम्ही तार थेट स्नायूला लावतो. तुम्हीही ती थेट हृदयालाच का लावीत नाही? प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांवर हे करून पाहिल्यावर ३० जानेवारी १९५७ रोजी एका लहान मुलीच्या हृदयाच्या भिंतीत एक बारीक तार टोचून तिचे टोक छातीबाहेर काढले गेले आणि यंत्राला जोडले गेले. एक-दोन व्होल्टचा धक्का पुरेसा झाला. वेदना नाही, भाजणे नाही. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. कित्येक मुलांमध्ये जुडगे तुटलेले नसून टाक्याभोवतीच्या सुजेने फक्त दबलेले असे. आठ-पंधरा दिवसांत सूज उतरे, संदेश आपल्या वाटेने पुन्हा धावू लागे, आणि तार हलकेच ओढून काढता येई. म्हणजे हृदयाला हवी होती ती सवड, आणि तारेने तेवढीच सवड मिळवून दिली.

यंत्र मात्र भिंतीतल्या विजेवर चाले. मूल खाटेवरून उठले तरी तारेच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नसे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनियापोलिसची वीज कित्येक तास गेली, आणि भिंतीवर विसंबलेल्या जिवांचा भरवसा किती तकलादू आहे हे त्या रात्री सर्वांना दिसले. लिलेहाय यांनी रुग्णालयातली विद्युत्-उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुणाला, बॅटरीवर चालेल असे काहीतरी करून दे, म्हणून सांगितले. बॅकनने एका नियतकालिकात छापलेल्या, संगीताचा ताल मोजणाऱ्या यंत्राची आकृती आठवून, ट्रान्झिस्टर वापरून चार आठवड्यांत हातात मावेल एवढी पेटी बनविली आणि प्रयोगशाळेत कुत्र्यावर तपासण्यासाठी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात गेला तर ती पेटी एका मुलाच्या अंगावर बांधलेली. साधन हाताशी असताना मुलाला दगावू देणे मला पटले नाही, अशा अर्थाचे उत्तर लिलेहाय यांनी दिले. हा प्रसंग सांगताना त्या काळच्या नियमनशून्यतेची चिंता करणारे पुष्कळ आढळतात, आणि ती चिंता वाजवीही आहे; पण त्या वॉर्डात उभे राहून विचार केला तर दुसरे काय करता आले असते, हे मला अजून सुचलेले नाही.

येथवरची तार शस्त्रक्रियेनंतरची. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णाची छाती तारेसाठी उघडणे म्हणजे एका शस्त्रक्रियेसाठी दुसरी शस्त्रक्रिया करणे. ही कोंडी न्यूयॉर्कच्या सेमूर फर्मन यांनी १९५८ मध्ये फोडली. वेर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवून दाखविली होती. त्याच मार्गाने फर्मन यांनी तार नेली आणि तिचे टोक उजव्या जवनिकेच्या आतल्या भिंतीला टेकविले. त्यांचा पहिला रुग्ण हृदयाच्या नव्हे तर पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी आला होता. हृदयाची वाट अडलेली असल्यामुळे गुंगी देण्याचा धोका कोणी पत्करीत नव्हते, आणि तारेच्या आधाराने ती शस्त्रक्रिया पार पडली. दुसऱ्या रुग्णाला अशा तारेवर ९६ दिवस सांभाळले गेले. यंत्र चाकांच्या गाड्यावर ठेवून, लांबलचक तारेसह तो इस्पितळाच्या ओवऱ्यांतून फिरत असे. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्याला तारेने सांभाळण्याची आजची पद्धत येथून सुरू झाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये ओके सेनिंग यांनी रूने एल्मक्विस्ट यांचे यंत्र आर्ने लार्सन यांच्या शरीरात कायमचे बसविले. ते काही तासांतच बंद पडले, दुसरे बसवावे लागले. पण लार्सन पुढे दोन डझनांवर यंत्रे बदलीत २००१ पर्यंत जगले, आणि सेनिंग व एल्मक्विस्ट या दोघांच्याही मागे राहिले.

महाराष्ट्रात हे ज्ञान उशिरा आले असे नाही. साधने उशिरा आली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या हृदयारोपणाला अडीच महिनेही झाले नव्हते तोच, डॉ. सेन, डॉ. गुरुकुमार परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी के.ई.एम.मध्ये भारतातले पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. तथापि शल्यकौशल्यात परळ कोणाच्याही मागे नव्हते, ही गोष्ट त्या रात्रीने दाखल्यासह सिद्ध केली. याच काळात तेथे डॉ. के. के. दाते यांच्यासारखे हृदयरोगचिकित्सक कार्डिओग्रॅम वाचण्यात पिढ्या तयार करीत होते. अडचण होती ती परदेशातून आणाव्या लागणाऱ्या यंत्रांची आणि त्यांच्या किमतीची. पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपत. १९७० नंतरच्या दशकात लिथियमच्या बॅटऱ्या आल्यावर ती मुदत कित्येक वर्षांवर गेली, पण किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच राहिली. पुण्यात डॉ. के. बी. ग्रँट यांनी १९५९ मध्ये रुबी हॉल क्लिनिक सुरू केले, पुढे सैन्याचे हृदय व वक्षरोगांचे मोठे केंद्र गोळीबार मैदानापाशी नावारूपाला आले, आणि कालांतराने पुण्यातली इतर रुग्णालयेही या कामात उतरली. तोवर दक्षिण महाराष्ट्रातल्या रुग्णाला बहुधा मुंबईच गाठावी लागे, आणि स्वारगेट हा त्याच्या प्रवासातला केवळ मधला टप्पा असे.

किमतीच्या या प्रश्नाला मुंबईतच एक विलक्षण उत्तर मिळाले. अमेरिकेत मृत झालेल्या व्यक्तींच्या शरीरातून, नातलगांच्या संमतीने, काढलेली आणि अजून पुष्कळ आयुष्य शिल्लक असलेली यंत्रे निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आली, आणि त्यांचे अनुभव २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रांनी काम चोख बजावले, रुग्ण आपापल्या कामाधंद्याला परतले. एका अनोळखी माणसाच्या मृत्यूनंतर त्याचा ठोका सात समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या छातीत चालू राहावा, यासारखे दान माझ्या वाचनात फार थोडे आले आहे.

सरकारी बाजूने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत सोलापूर होते. पुढल्या वर्षी ती राज्यभर लागू झाली, आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. आरंभी कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतची तरतूद असलेल्या या योजनेने पूर्वी घरीच बसून राहिलेला रुग्ण इस्पितळात आला. आणि त्याबरोबर कागदपत्रांची जुळवाजुळव, मंजुरी, खाटेची उपलब्धता, अशा कारणांनी वाट पाहण्याचा काळ हा स्वतंत्र उपचाराचा विषय झाला.

त्या काळात आज काय करतात? रुग्ण दाखल होताच त्याचा ईसीजी काढून कर्णिकेतून जवनिकेपर्यंत संदेशाला लागणारा वेळ मोजतात. महारोहिणीची झडप जिवाणूंनी पोखरलेली असेल तर हे मोजमाप रोज होते. कारण ती झडप आणि विद्युत्-जुडगे एकमेकांना लागून आहेत, आणि कालच्यापेक्षा आज वेळ लांबला याचा अर्थ पू भिंतीत उतरू लागला असा होऊ शकतो. अशा वेळी थांबविण्याची व्यवस्था करण्याऐवजी शस्त्रक्रियेची तारीखच अलीकडे ओढावी लागते, आणि कायमचे यंत्रही लगेच बसवीत नाहीत, कारण जंतू त्याच्यावर ठाण मांडतात. वृद्धांत झडपेवर साचलेला चुना जुडग्यापर्यंत पसरलेला असतो. तेथे धोका संथ पण पक्का. वेग कमी करणारी औषधे तपासून, जरूर तर बंद करून, रक्तातले पोटॅशियम ताळ्यावर आणतात, आणि मगच तारेचा विचार करतात. कारण मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून घातलेली तार निर्धोक नाही: ती सरकते, जंतूंना वाट देते, क्वचित हृदयाची भिंतही भेदते. म्हणून मूर्च्छा येत नाही, रक्तदाब टिकून आहे, तोवर छातीवर चिकटपट्ट्या लावून यंत्र उशाशी सज्ज ठेवणे आणि प्रत्यक्ष धक्का न देणे, हाच शहाणपणा समजतात. डावी शाखा आधीच बंद असलेल्या रुग्णाच्या उजव्या जवनिकेत दाब मोजण्याची नळी नेताना तिचा धक्का उजव्या शाखेला लागला, तर दोन्ही रस्ते एकदम तुटतात. तेथे तारेची तजवीज आधीच केलेली असते. तार केव्हा घालायची हे कळण्यापेक्षा केव्हा घालायची नाही हे कळण्यास अनुभव अधिक लागतो, असे मला या विषयात वाटत आले आहे.

स्वारगेटहून शंकरशेठ रस्त्याने गेले की थोड्याच अंतरावर गोळीबार मैदान लागते. तेथल्या सैन्याच्या केंद्रात, २०२४ च्या जुलै महिन्यात नागपूरला मृत्यू पावलेल्या एका व्यक्तीचे हृदय हवाई दलाच्या विमानाने पुण्यास आणून, वाट पाहत असलेल्या हवाई दलाच्या एका सैनिकाच्या छातीत बसविण्यात आले. बर्फात आणलेल्या हृदयाला बाहेरून संदेश देणारे सारे मज्जातंतू तुटलेले असतात. उष्ण रक्त आत शिरल्यावर कीथ आणि फ्लॅक यांनी दाखविलेले ते केंद्र आपले आपणच काम सुरू करते, कधी लगेच, कधी अडखळत. म्हणून अशा शस्त्रक्रियेच्या अखेरीस छाती बंद करण्यापूर्वी हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक तारा टाचून त्यांची टोके कातडीबाहेर काढून ठेवतात आणि खाटेशेजारच्या एका लहान पेटीला जोडतात. ठोका आपल्या पायांवर उभा राहिला की काही दिवसांनी परिचारिका पेटी बंद करते, आणि डॉक्टर त्या तारा एकेक करून ओढून घेतात. रुग्णाला आत कोठेतरी किंचित ओढ जाणवते, एवढेच.